सल्ल्याची किंमत कोण ठरवणार?

लखनौ शहराच्या दक्षिणेला, रायबरेली मार्गालगत वसलेली वृंदावन योजना ही उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेची एक मोठी निवासी वसाहत आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था तिच्या जवळच आहे. एरवी या वसाहतीचे नाव भूखंड आणि सदनिका यांच्या संदर्भातच ऐकू येते. मात्र गेल्या काही वर्षांत तेथील मोकळ्या मैदानांवर दोन वेळा तात्पुरती नगरे उभी राहिली आणि वृंदावन योजनेचे नाव देशभर पोहोचले. ५ ते ९ फेब्रुवारी २०२० या काळात येथे संरक्षण साहित्याचे ‘डिफेक्स्पो’ प्रदर्शन भरले. त्यानंतर १० ते १२ फेब्रुवारी २०२३ या तीन दिवसांत राज्याचे जागतिक गुंतवणूकदार संमेलन येथेच पार पडले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या दोन्ही सोहळ्यांचे उद्घाटन केले.

२०२३ च्या संमेलनात सुमारे ३३ लाख ५० हजार कोटी रुपयांचे गुंतवणूक प्रस्ताव आल्याचे राज्य सरकारने जाहीर केले. वर्षभराने, १९ फेब्रुवारी २०२४ रोजी, या प्रस्तावांपैकी १० लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या सुमारे १४ हजार प्रकल्पांचा शुभारंभ लखनौमध्ये झाला. महाराष्ट्राच्या वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेतही सुमारे १२ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार झाल्याची घोषणा करण्यात आली होती.

अशा परिषदांनंतरची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते. कागदावरची गुंतवणूक जमिनीवर किती उतरली? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु त्याच्या आड दुसरा एक प्रश्न झाकला जातो आणि त्याच्याशी देशातील लक्षावधी सुशिक्षित उद्योजकांचा चरितार्थ निगडित आहे. प्रत्येक प्रस्तावामागे प्रकल्प अहवाल असतो, जमिनीच्या कागदपत्रांची छाननी असते, आराखडे असतात, करविषयक सल्ला असतो. हे काम सनदी लेखापाल, वास्तुविशारद, अभियंते, वकील आणि व्यवस्थापन सल्लागार करतात. त्यांच्या कामाची किंमत कशी ठरते आणि ती कोण ठरवतो?

प्रस्ताव बारगळला तर फी कोणाची?

भूखंडाची किंमत ठरवण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते. वृंदावन योजनेसारख्या सरकारी वसाहतीत दर चौरस मीटरचा भाव जाहीर होतो. व्यापारी भूखंडांचा लिलाव पुकारला जातो. जमीन डोळ्यांना दिसते, मोजता येते, शेजारच्या भूखंडाशी तिची तुलना करता येते. सल्ल्याचे तसे नसते. चांगला सल्ला आणि सामान्य सल्ला यांतील फरक ग्राहकाला काम सुरू होण्यापूर्वी कळत नाही. अनेकदा काम संपल्यावरही कळत नाही. इमारतीचा पाया योग्य खोलीवर घेतला होता की नाही, हे वीस वर्षांनी समजते. करारातील एखादे कलम सैल होते, हे वाद न्यायालयात गेल्यावरच उघड होते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच अडचण मांडली होती. विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून बाहेर पडतो आणि सरासरी आणखी खालावते. या विचारासाठी अकेरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. व्यावसायिक सेवांच्या बाजाराला हे निदान तंतोतंत लागू पडते. ग्राहकाला दर्जा तोलता आला नाही, तर त्याच्यासमोर तुलना करण्याजोगी एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे आकडा.

गुंतवणूक परिषदांच्या संदर्भात या अडचणीला आणखी एक पदर आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या उद्योजकाला सुरुवातीचा खर्च शक्यतो टाळायचा असतो. ‘प्रकल्प मंजूर झाला की तुमचा वाटा ठरलेला’, असे तोंडी आश्वासन दिले जाते. तथापि सर्वच व्यवसायांना असा व्यवहार करण्याची मोकळीक नाही. सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्यानुसार, काही ठरावीक अपवाद वगळता, नफ्याच्या टक्केवारीवर किंवा निष्पत्तीवर अवलंबून असलेली फी घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास वकिलांनाही भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. या बंधनामागील तत्त्व स्पष्ट आहे. ज्याचा मोबदला निकालावर टांगलेला आहे, त्याचे मत निःपक्ष राहीलच याची खात्री देता येत नाही.

लखनौच्या आकड्यांवरून या तत्त्वाची व्यावहारिक बाजूही लक्षात येते. वर्षभरात शुभारंभापर्यंत पोहोचलेल्या प्रकल्पांची रक्कम घोषित रकमेच्या साधारण ३० टक्के होती. बाकीचे प्रस्ताव पुढे मार्गी लागले किंवा लागतील असे धरले, तरी पहिल्या टप्प्यातील कामाचा मोबदला प्रकल्पाच्या भवितव्याशी बांधून घेणाऱ्या सल्लागाराला निदान वर्षभर तरी बहुतांश कामाचे पैसे मिळाले नसते. अहवालासाठी खर्च झालेले दिवस मात्र प्रकल्प उभा राहिला तरी तितकेच आणि बारगळला तरी तितकेच असतात.

तासाचे गणित

व्यावसायिक आपली फी कशी ठरवतात, याचा शोध घेतला तर बहुतेक ठिकाणी एकच रीत आढळते. शेजारचा किती घेतो हे पाहायचे आणि त्यापेक्षा थोडे कमी सांगायचे. या रीतीत स्वतःच्या खर्चाचा हिशोब कोठेच येत नाही. तो केल्यास काय दिसते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका मध्यम शहरात एक व्यावसायिक दोन साहाय्यकांसह कार्यालय चालवतो. स्वतःच्या श्रमाचे वर्षाला १२ लाख रुपये मिळावेत अशी त्याची माफक अपेक्षा आहे. दोन साहाय्यकांचे वेतन ६ लाख. जागेचे भाडे, वीज, संगणकप्रणाली, विमा आणि प्रवास मिळून ५ लाख. अडीअडचणीसाठी राखीव २ लाख. एकूण २५ लाख रुपये झाले. सुट्या, आजारपण, सणवार वजा जाता वर्षाला २६० दिवस आणि दिवसाला ८ तास धरले तर २,०८० तास हाती येतात. २५ लाखांना या तासांनी भागले की तासाचा दर सुमारे १,२०० रुपये निघतो.

येथेच बहुतेकांची चूक होते. सर्व तास ग्राहकाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. नवीन काम मिळवण्यासाठी भेटी घ्याव्या लागतात, दरपत्रके तयार करावी लागतात, बदललेले कायदे वाचावे लागतात, थकलेल्या पैशांसाठी दूरध्वनी करावे लागतात. प्रत्यक्ष आकारणीयोग्य तास ६० टक्के धरले तर ते १,२४८ होतात आणि आवश्यक दर तासाला सुमारे २,००० रुपयांवर जातो. हेच प्रमाण ४० टक्क्यांवर घसरले तर दर सुमारे ३,००० रुपये व्हावा लागतो.

जो व्यावसायिक १,२०० रुपयांचा दर लावून ६० टक्के तासांचीच आकारणी करतो, त्याची वार्षिक जमा सुमारे १५ लाख रुपये होते. साहाय्यकांचे वेतन, कार्यालयाचा खर्च आणि राखीव रक्कम बाजूला काढल्यावर त्याच्या हाती स्वतःसाठी सुमारे २ लाख उरतात. म्हणजे त्याचे उत्पन्न त्याच्या प्रत्येक साहाय्यकापेक्षा कमी होते. व्यवसाय बंद पडलेला नसतो, कार्यालयात वर्दळ असते, काम भरपूर असते. तरीही मालक तोट्यात असतो आणि हे त्याला वर्षअखेरीपर्यंत उमगत नाही.

सवलतीचे गणितही असेच फसवे आहे. एक लाख रुपयांच्या कामावर ७५ हजार खर्च आणि २५ हजार शिल्लक, असा हिशोब असताना ग्राहकाच्या आग्रहाखातर १० टक्के सूट दिली तर शिल्लक १५ हजारांवर येते. ग्राहकाला १० टक्क्यांचा लाभ झाला; व्यावसायिकाचे ४० टक्के गेले. पूर्वीइतकी शिल्लक मिळवायची तर त्याला जवळजवळ दोन तृतीयांश अधिक काम करावे लागेल. कारखानदार सूट देऊन जास्त माल खपवू शकतो, कारण यंत्र दुसऱ्या पाळीतही चालते. सल्लागाराचे यंत्र तो स्वतःच असतो आणि त्याच्या दिवसाचे तास वाढत नाहीत.

किमान दराचा मार्ग

ही घसरण रोखण्याचा एक जुना उपाय म्हणजे व्यवसायाच्या संघटनेने किमान दर ठरवून देणे. दिसायला हा उपाय न्याय्य वाटतो. दराबाबतची स्पर्धा थांबली की दर्जाबाबतची स्पर्धा सुरू होईल, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. परंतु जगाचा अनुभव या युक्तिवादाला पूर्णपणे अनुकूल नाही.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गोल्डफार्ब दांपत्याला घर खरेदीसाठी मालकी हक्काची तपासणी करून घ्यायची होती. वकिलांच्या स्थानिक संघटनेच्या दरपत्रकानुसार या कामाची फी मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का होती. दांपत्याने ३६ वकिलांना पत्रे पाठवली. १९ जणांची उत्तरे आली आणि त्यांपैकी एकानेही त्याहून कमी दर देऊ केला नाही. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५ मध्ये न्यायालयाने अशा किमान दरपत्रकाला स्पर्धाविरोधी कायदा लागू होतो, विद्वत्तेचा व्यवसाय म्हणून वकिलीला त्यातून सूट नाही, असा निर्णय दिला.

युरोपातही पुढे हेच घडले. जर्मनीत वास्तुविशारद आणि अभियंते यांच्या शुल्काची किमान आणि कमाल मर्यादा १९७७ पासून शासकीय नियमांनी निश्चित होती. जुलै २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही सक्ती युरोपीय संघाच्या सेवाविषयक निर्देशांशी विसंगत असल्याचे ठरवले. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून ते दर केवळ मार्गदर्शक स्वरूपाचे राहिले.

भारतात मधला मार्ग दिसतो. भारतीय सनदी लेखापाल संस्था विविध कामांसाठी किमान शुल्काची शिफारस प्रसिद्ध करते. त्यात मोठ्या आणि लहान शहरांसाठी वेगवेगळे दर सुचवलेले असतात, मात्र ते बंधनकारक नाहीत. वास्तुकला परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारसंहितेत परिषदेच्या शुल्कश्रेणीचे पालन करण्याची अपेक्षा व्यक्त झालेली आहे. दुसरीकडे २००२ च्या स्पर्धा कायद्याने किमती संगनमताने ठरवणाऱ्या करारांना प्रतिबंध केला असून त्यासंबंधीच्या तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या आहेत. व्यवसायाची प्रतिष्ठा जपणे आणि ग्राहकाचे हित जपणे या दोन उद्दिष्टांमधील ताण अजूनही संपलेला नाही.

संघटनेने प्रसिद्ध केलेल्या दरपत्रकाचा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे. नवख्या व्यावसायिकाला एखाद्या कामात काय काय अंतर्भूत असते, याची कल्पना त्यावरून येते. कामाची व्याप्ती लिहून ठेवण्याची सवय लागली, तर दराविषयीचे निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

सर्वात कमी बोलीचा फास

व्यावसायिक सेवांचा देशातील सर्वात मोठा ग्राहक शासन आहे. त्यामुळे शासन कशी खरेदी करते, यावर संपूर्ण बाजाराचे वळण ठरते. दीर्घकाळ सर्वात कमी दराची निविदा स्वीकारणे हाच सरकारी खरेदीचा राजमार्ग राहिला. लेखापरीक्षणात त्यावर बोट ठेवता येत नाही आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर पक्षपाताचा आरोप होत नाही. परिणामी कामाचा दर्जा खालावला तरी कागद निर्दोष राहतात.

२०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता आणि किंमत या दोहोंना गुण देण्याच्या पद्धतीला स्थान दिले. त्यात गुणवत्तेचा भार कमाल ८० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. पुढे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने बांधकामे आणि अन्य सेवांसाठीही, ठरावीक अटींवर, ही पद्धत खुली केली. तेथे किमतीखेरीज अन्य बाबींचा भार कमाल ३० टक्के ठेवण्यात आला.

हा बदल स्वागतार्ह आहे, तथापि भाराच्या किंचित फरकानेही निकाल कसा उलटतो हे पाहण्यासारखे आहे. समजा, पहिल्या संस्थेला गुणवत्तेत ९० गुण मिळाले आणि तिची बोली २० लाखांची आहे. दुसरीला ७५ गुण असून तिची बोली १२ लाखांची आहे. सर्वात कमी बोलीला किमतीचे १०० गुण मिळतात. त्या प्रमाणात पहिलीला ६० मिळतील. गुणवत्तेला ७० आणि किमतीला ३० असा भार असेल, तर पहिलीचे एकूण गुण ८१ आणि दुसरीचे ८२.५ होतात. काम दुसरीला जाते. भार ८० आणि २० असा केला की पहिलीला ८४ आणि दुसरीला ८० गुण मिळतात. निकाल फिरतो. म्हणजेच गुणवत्तेला ७० टक्के महत्त्व दिल्याचे समाधान असतानाही किंमतच बाजी मारू शकते.

जेथे काम एका निश्चित तारखेला पूर्ण व्हावेच लागते, तेथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. वृंदावन योजनेत उभारली गेलेली प्रदर्शन नगरे याचे चांगले उदाहरण आहेत. उद्घाटनाची तारीख पुढे ढकलता येत नाही. काही दिवसांसाठी उभारायच्या वास्तूलाही वारा, आग आणि गर्दी यांचा विचार करावाच लागतो. मुंबईत १४ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील गिरगाव चौपाटीवरील कार्यक्रमात व्यासपीठाला आग लागली, तेव्हा तात्पुरत्या रचनांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांच्या नजरेसमोर आला होता. अशा कामात वेळेचे आणि जबाबदारीचे मोल वेगळे धरले नाही, तर ते कोठून तरी कापले जाते. बहुधा ते तपासणीच्या तासांतून कापले जाते.

पैसे हाती पडेपर्यंत

फी ठरणे आणि फी मिळणे यांत मोठे अंतर असते. एक लाख रुपयांचे देयक पाठवले की त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे १८ हजार रुपये वस्तू आणि सेवा कर लागतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला तो साधारणपणे पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत शासनाकडे भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिले आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा संबंध नसतो. ग्राहक पैसे देतो तेव्हा फीच्या रकमेवर १० टक्के प्राप्तिकर मुळातून कापून घेतो. हा कर पुढे हिशोबात धरला जातो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत ती रक्कम अडकलेली असते.

आता हेच देयक सहा महिने थकले असे धरू. कामावर झालेला ७५ हजारांचा खर्च आणि पदरचा भरलेला १८ हजारांचा कर मिळून ९३ हजार रुपये गुंतून पडले. वार्षिक १२ टक्के व्याजाने सहा महिन्यांचे ५,५८० रुपये होतात. २५ हजारांच्या शिल्लकीतील एक पंचमांशाहून अधिक भाग केवळ वाट पाहण्यात संपतो.

कायदा या बाबतीत लहान उद्योजकाच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. नोंदणीकृत सेवा उपक्रमांनाही हे संरक्षण मिळते. २०१७ मध्ये तक्रारींसाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळ सुरू झाले. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्च म्हणून वजा करता येणार नाही, अशी तरतूद २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली.

अडचण कायद्याच्या मजकुरात नाही. तक्रार करणारा पुरवठादार पुढील काम गमावण्याच्या भीतीने गप्प बसतो. त्यातही स्वतः कायदा जाणणारे व्यावसायिक या हक्काचा वापर करण्यास संकोचतात. पैशांचा विषय काढणे प्रतिष्ठेला शोभत नाही, ही आपल्याकडील मध्यमवर्गीय समजूत त्याला कारणीभूत आहे. म्हणून सुरुवातीलाच काही रक्कम आगाऊ घेणे, कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला देयक पाठवणे आणि आधीचा टप्पा चुकता झाल्याखेरीज पुढचा सुरू न करणे, हे उपाय कोणत्याही तक्रारीपेक्षा परिणामकारक ठरतात.

तासापलीकडे

तासाचा हिशोब आवश्यक असला तरी तो अंतिम नाही. तो खर्चाचा तळ दाखवतो. सेवेचे मोल दाखवत नाही. प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीवर फी घेण्याच्या पद्धतीतही एक विसंगती आहे. ज्या वास्तुविशारदाने कल्पकतेने ग्राहकाचा बांधकाम खर्च वाचवला, त्याचीच फी कमी होते. ठोक रकमेत अनपेक्षित वाढीव कामाचा बोजा व्यावसायिकावर पडतो, तर तासाच्या आकारणीत संथपणाला बक्षीस मिळते. प्रत्येक पद्धतीत कोणी तरी जोखीम उचलतो. ती कोणी आणि किती उचलायची, हे आधी बोलून ठरवणे म्हणजेच दर ठरवणे होय.

पुण्याचा औद्योगिक इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. ‘इन्फोसिस’ची स्थापना १९८१ मध्ये पुण्यातच अवघ्या १० हजार रुपयांच्या भांडवलावर झाली. १९९० मध्ये किर्तने अँड पंडित या सनदी लेखापालांच्या जुन्या पेढीच्या परंपरेतून ‘केपीआयटी’ ही संगणक क्षेत्रातील कंपनी उभी राहिली. रवी पंडित आणि किशोर पाटील हे तिचे संस्थापक पेशाने सनदी लेखापाल होते. पुढे ही कंपनी वाहन उद्योगासाठी संगणकप्रणाली विकसित करणारी म्हणून ओळखली गेली आणि २०१९ मध्ये तो व्यवसाय स्वतंत्र कंपनी म्हणून भांडवल बाजारात नोंदला गेला. हिशोब तपासणाऱ्या पेढीच्या वर्तुळातून अभियांत्रिकी ज्ञानाचा व्यवसाय जन्माला येऊ शकतो, हे या वाटचालीने दाखवले. एका व्यक्तीच्या तासांना मर्यादा असते. विशिष्ट क्षेत्रातले साठवलेले ज्ञान मात्र अनेकांच्या कामी येते आणि त्याची किंमत तासांत मोजावी लागत नाही.

आज या प्रश्नाला नवी निकड आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे मसुदे, विवरणपत्रे आणि प्राथमिक आराखडे यांना लागणारा वेळ कमी होत आहे. दहा तासांचे काम दोन तासांत झाले, तर तासावर फी घेणाऱ्याचे उत्पन्न एक पंचमांश होईल. काम मात्र तेवढेच उपयुक्त राहील आणि त्याखाली सही करणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच राहील. यापुढे ग्राहक टंकलिखित पानांसाठी पैसे देणार नाही. अचूक निर्णयासाठी आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेणाऱ्या सहीसाठी देईल. ज्या व्यावसायिकाची फी आजवर पानांवर आणि तासांवर उभी होती, त्याला आपल्या सेवेची नव्याने व्याख्या करावी लागेल.

लहान शहरांची कसोटी

गुंतवणूक परिषदांचा खरा लाभ त्या परिसरातील व्यावसायिकांना मिळाला, तरच विकासाला मुळे फुटतात, असे म्हणता येईल. अन्यथा प्रकल्प लखनौचा, सल्लागार महानगरातला आणि स्थानिक पेढीच्या वाट्याला केवळ अर्ज भरून देण्याचे काम, अशी विभागणी होते. नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथील पेढ्यांनाही हा धोका आहे. मोठ्या संस्थांशी दराच्या बाबतीत स्पर्धा करून तो टळणार नाही. कमी दराने मिळालेल्या कामातून चांगली माणसे टिकवता येत नाहीत आणि माणसे टिकली नाहीत तर दर्जाही टिकत नाही. स्थानिक जमीन, स्थानिक कार्यालये आणि स्थानिक उद्योग यांचे सखोल ज्ञान हे लहान पेढीचे भांडवल आहे. ते कशात आहे हे तिला नेमक्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

ग्राहकाचीही जबाबदारी आहे. शासन असो वा खासगी उद्योग, सर्वात स्वस्त सल्ला निवडताना वाचलेली रक्कम आणि चुकलेल्या सल्ल्याची किंमत यांची तुलना क्वचितच केली जाते. कोट्यवधींच्या प्रकल्पात अहवाल, आराखडा आणि कायदेशीर छाननी यांवर होणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो, पण बाकीचा सर्व खर्च योग्य दिशेने जाईल की नाही, हे तोच ठरवतो.

वृंदावन योजनेतील तात्पुरती नगरे प्रदर्शने संपताच उतरवली गेली आणि मैदाने पुन्हा मोकळी झाली. तेथे जाहीर झालेले आकडे कितपत खरे ठरले, याचा हिशोब पुढील अनेक वर्षे होत राहील. त्या आकड्यांमागे अहवाल लिहिणाऱ्या, नकाशे काढणाऱ्या आणि करार तपासणाऱ्या माणसांना आपल्या कामाची किंमत वेळेवर आणि सन्मानाने मिळाली का, हा हिशोब मात्र कोणत्याही सरकारी पत्रकात नसतो. तो ज्याचा त्याने, वर्षाच्या शेवटी नव्हे तर काम स्वीकारण्यापूर्वी, मांडायचा असतो.